समासकाका आणि गळलेले दोन शब्द

आमच्या लॉ कॉलेजात प्राचार्यांना कोणी घाबरत नसे. ते बिचारे गोड बोलायचे आणि विसरून जायचे. घाबरायचं ते आवक-जावकच्या खिडकीला. तळमजल्यावर, जिन्याखाली हातभर रुंद खिडकी आणि तिच्यामागे चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बसलेले समासकाका. अर्ज रजेचा असो की वर्गातला पंखा फिरत नाही म्हणून असो, त्यांचा शिक्का बसल्याशिवाय वर जायचा नाही. आणि शिक्का सहजासहजी बसायचा नाही.

"डावीकडे दोन बोटं समास कुठाय? साहेबांनी शेरा कुठे मारायचा, तुझ्या कपाळावर?"

म्हणून समासकाका. त्यांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, कोणी विचारलंही नाही. आम्ही सगळे होणारे वकील, त्यामुळे वाद घालायची खाज भारी. आमच्यातल्या एका वादपटूने, ज्याला प्रत्येक स्पर्धेत चषक मिळायचा, समासाचा हा नियम मुळात छापील नियमावलीत नाहीच, यावर पाऊण तास भाषण ठोकलं. मागे रांग जिन्यापर्यंत गेलेली. काकांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "छान बोलतोस. आता समास सोडून लिहून आण."

पूर्वी ते एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि पगार घ्यायचा, असं सोन्यासारखं काम. वर्तमानपत्र बंद पडलं आणि काका आमच्या बोकांडी बसले. काकूंनी मला नंतर सांगितलं, की एकदा त्यांनी किराण्याची यादी करून दिली, तर हे गृहस्थ दुकानात जायच्या आधी लाल पेनाने 'साबन'चं 'साबण' करत बसले. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. मी असते तर आठवडाभर बोलले नसते.

आता माझं सांगते. दुसऱ्या वर्षी मी कराराच्या कायद्यात सलग दोनदा नापास झाले. माझे बाबा न्हावी. दुकानात खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाला, गळ्याभोवती कापड बांधता बांधता, "आमची पोरगी वकील होतेय" हे सांगून झालेलं. वस्तरा गळ्याशी असल्यावर कोण नाही म्हणणार? आता या माणसाला नापास झाल्याचं सांगायचं कसं? मी घरी जाणं बंद केलं. मग मेसमध्ये जाणं बंद केलं. मग दिवसाढवळ्या पांघरूण घेऊन पडून राहायला लागले. आणि एका शुक्रवारी सकाळी उठून कॉलेज सोडायचा अर्ज खरडला.

वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंनी फोनवर बोलता बोलता सही केली. वर्गशिक्षकांनी तर 'शिफारस केली आहे' असं लिहून सही ठोकली. मग मी खिडकीशी आले. या वेळी समास चांगला चार बोटं सोडला होता. घे म्हटलं लेका, मार किती शेरे मारायचेत ते.

काकांनी अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला.

"दोन शब्द गळलेत," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुठले?"

त्यांनी कागद फिरवून माझ्यापुढे धरला. 'माझे नाव पटावरून कमी करण्यात यावे' असं लिहायचं होतं. मी लिहिलं होतं, 'तरी मला कमी करण्यात यावे, ही नम्र विनंती.'

"चूक झाली. द्या, सुधारते."

"अशी चूक दाखवली की पोरं हसतात," काका म्हणाले. "तू हसली नाहीस."

मागचा कोणीतरी "अहो लवकर आटपा" म्हणून ओरडला. काका खिडकीतून पुढे झुकले आणि 'तारीख टाकलीस का' हे विचारतात त्याच आवाजात, फक्त हळू, त्यांनी विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?"

इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही.

"येतं," मी म्हटलं. "रोज नाही."

त्यांनी खिडकी लावली. रांगेत बोंबाबोंब झाली. काका दारातून बाहेर आले, रांगेला म्हणाले, "तोवर आपापले समास तपासा," आणि मला घेऊन तिसऱ्या मजल्यावर निघाले. तिथे समुपदेशक बाई बसायच्या. त्यांच्याकडे कोणी फिरकत नसे, कारण बसायचा बाक नेमका वर्गाच्या दारासमोर. तिथे टेकलं की तासाभरात बातमी कॉलेजभर. काका त्या बाकावर बसून राहिले. मी आत दीड तास होते, तेवढ्यात रांग तिसऱ्या मजल्यावर चढून आली आणि हे मांडीवर कागद ठेवून शिक्के मारत बसले. माझ्याकडे बघायला कोणाला सवडच मिळाली नाही.

मला विचारूनच बाईंनी बाबांना फोन केला. "या" एवढंच सांगितलं. बाबा तीन तासांच्या अंतरावर. एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली होती. ते गिऱ्हाईक त्यांनी समोरच्या न्हाव्याच्या हवाली केलं, ज्याच्याशी आठ वर्षं अबोला होता, आणि मिळेल त्या बसमध्ये चढले. दुपारी जिन्याखाली, मी आणि काका बसलो होतो तिथे पोचले तेव्हा सदऱ्यावर लोकांचे केस तसेच होते.

"साहेब, हिने काही गुन्हा केला का?"

"छे, छे," समासकाका म्हणाले. "अर्जात चूक होती."

"एवढ्यासाठी बोलावलंत?"

"हो. मोठी चूक होती."

मग त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, "हा तुझा. दाखवायचा की फाडायचा, तू ठरव." आणि उगाचच आत जाऊन कपाट उघडून उभे राहिले.

मी तो बाबांना दिला. ते जेमतेम शिकलेले. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत गेले. ते बोट एका ओळीवर थांबलं ते थांबलंच.

मग त्यांनी माझ्या केसांत हात घातला आणि सवयीने एक बट बोटांत धरून लांबी पाहिली.

"कधी कापले होते गं?"

"चार महिने झाले. तुम्हीच कापले होते."

"चार महिने," ते म्हणाले, "आणि मला कळलंसुद्धा नाही." आणि माझी बट हातात तशीच धरून ते भर कॉलेजात रडायला लागले.