कॅरव्हॅनसाठी पसंत केलेली यूट

आजवर कुणाला सांगितलं नाही: मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे तो कागदावरच, गाड्यांतलं मला काही कळत नाही. कोविडमध्ये आम्हाला परदेशातून भारतात जाणं बंद झालं, तेव्हा मित्राने इथेच फिरायला कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, घेतली. ती ओढायला जुनी डिझेल यूट, म्हणजे पिकअप, बघायला त्याने मला नेलं. गिअर बदलताना हिसका बसत होता.

"हे काय रे?"

"डिझेलचं असंच असतं. घे बिनधास्त." माहीत नाही म्हणायची लाज वाटली.

पहिल्याच सहलीत, चढावर, गिअरबॉक्स गेला. नंतर त्यांच्या घरी वहिनी माझ्यासमोरच त्याला म्हणाल्या, "अरे, यांना तरी विचारायचंस! घरचे इंजिनिअर असून तुझी अक्कल चालवलीस."

त्याने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी चहा पीत राहिलो.

वहिनी अजून त्याला टोमणे मारतात. गाडी मी पसंत केली होती, हे त्यांना सांगण्याचं देणं मी लागतो.