गावठाणात खरखर थांबली तेव्हा

मी लातूरला बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. वर्गात कुणी भूतबाधा, करणी असलं काही काढलं की पहिली हसणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर.

तेव्हा मी क्लासेसमध्ये नव्हते, संशोधन करत होते. विषय — गॅमा किरणांच्या स्फोटानंतर उरणारी लकाकी. खूप दूर एखादा प्रचंड तारा मरतो, काही सेकंद गॅमा किरणांचा झोत येतो आणि संपतो. मागे लकाकी राहते. साध्या दुर्बिणीतून ती लवकर दिसेनाशी होते, रेडिओवर मात्र कधीकधी कित्येक महिने सापडत राहते. पण इतकी क्षीण, की जवळपास कुणी वेल्डिंग केलं तरी त्यात बुडून जाते. आम्हाला नव्या अँटेना उभारायला शांत जागा हवी होती. लातूर शहराचा प्रश्नच नव्हता — क्लासेसचा धडाका, होस्टेलं, जनरेटर, मोबाइलचे टॉवर. म्हणून निलंग्याकडचं एक जुनं गावठाण पाहायचं ठरलं. भूकंपात ते गाव पडलं, उरलेली माणसं लांब नव्या वसाहतीत गेली. वीज नाही, वस्ती नाही. दगडांचे ढीग आणि बाभळी, बस्स.

सोबत आमचे तंत्रज्ञ इरफानभाई होते, नांदेडचे.

वसाहतीतल्या लोकांना आम्ही नको होतो. हॉटेलवाल्यानं चहा दिला नाही. हापशावर गेलो की बायका समोर घागरी मांडून उभ्या राहायच्या, पाणी भरू द्यायच्या नाहीत. मन्मथअप्पा म्हणून एक म्हातारे होते, त्यांचं घर जुन्या गावात होतं. पहिल्याच दिवशी ते येऊन उभे राहिले.

"कुणाला इचारून वायरी टाकायलाव?"

"तहसीलची परवानगी आहे, अप्पा."

"तहसीलदाराचं घर हाय का तिथं?"

दुसऱ्या दिवशी जेवून येतो तर चाचणीसाठी उभ्या केलेल्या अँटेनाच्या केबलचे जोड उघडलेले. आटे फिरवून काढावे लागतात ते, आपोआप निघत नाहीत. मी तडक वसाहतीत जाऊन अप्पांना जाब विचारला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या आधीच जुन्या गावात येऊन बसले होते. "आता बगा," म्हणाले, "मी हितंच हाय."

त्या दिवशी आम्ही तिघंही जीपजवळ असताना जोड पुन्हा निघाले. मधलं सगळं मोकळं रान. अँटेनाकडे कुणी गेलेलं नव्हतं.

इरफानभाई वैतागले. जाऊन जोड आवळले आणि राखणीला तिथंच उभे राहिले. मी जीपमधल्या रिसीव्हरचे हेडफोन लावले. आभाळातून कायम एक बारीक खरखर येत असते. अँटेना कुठंही लावा, ती असतेच. ती एकाएकी थांबली. रिसीव्हरचा स्वतःचा म्हणून एक आवाज असतो, तोही नाही. हेडफोन काढले... बाहेरही काही नाही. बाभळी हलत होत्या, वाऱ्याचा आवाज नव्हता. इरफानभाई माझ्याकडे बघून हातवारे करत होते, तोंड उघडत होतं, मिटत होतं. मी त्यांना हाक मारली, ती मलाच ऐकू आली नाही.

आणि त्या ढिगाऱ्यांकडून कुणीतरी आमच्यावर संतापलेलं होतं. हे मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. तोंडावर शिवी बसावी तसं ते अंगावर येत होतं.

इरफानभाई डावा कान दाबून खाली बसले. मी धावले, बखोटीला धरून त्यांना ओढत रस्त्याकडे आणलं. डांबरी लागली तेव्हा चपलांचा आवाज आला, मग सगळंच परत आलं. अप्पा काठी टेकत मागून आले. घाईत नव्हते.

"काय आहे तिथं?" मी विचारलं.

"आमची माणसं दगडाखाली वरडून वरडून गप झाली. तवा ऐकायला कुणी आलं न्हाई," ते म्हणाले. "आता मशिनी घिऊन आलाव व्हय? निघा."

आवाजात दया नव्हती, आम्हाला सावध करणंही नव्हतं.

आमचे संशोधनाचे गाईड म्हणाले, केबलमध्ये दोष असेल. केबल आणि रिसीव्हर लॅबमध्ये तपासले, दोन्ही ठणठणीत. त्या दुपारच्या रेकॉर्डिंगमध्ये एक सरळ रेघ आहे. रिसीव्हर बंद असता तर रेकॉर्डिंगच झालं नसतं, चालू होता तर त्याची स्वतःची खरखर तरी उमटायला हवी होती. तिसरी शक्यता मला आजही सुचलेली नाही. जागेचा प्रस्ताव आम्ही मागे घेतला.

इरफानभाईंचा डावा कान कायमचा गेला. नांदेडला दाखवलं, हैदराबादला दाखवलं. डॉक्टर म्हणतात पडदा चांगला, नस चांगली, ऐकू यायला पाहिजे. गेल्या वर्षी त्यांच्या घरी गेले होते. चहा पिता पिता म्हणाले, "मॅडम, ऐकू येत न्हाई त्याचं काही न्हाई. पण ह्या बाजूला कुणी तरी रागात उभं हाय असं वाटतंय... अजून."

मी त्याच बाजूला बसले होते. कप उचलला आणि उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले.