शेवटच्या कोऱ्या पानावरचं

पुस्तकात काहीही लिहू नये, अशा तीन पाट्या आमच्या वाचनालयात होत्या. तिन्ही मीच रंगवलेल्या. धुळ्यात देवपूरच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायचे आणि गावात कुणाला फुकटात पाटी हवी असली की हटकून माझी आठवण व्हायची. त्या पाट्यांना कुणीच जुमानलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि खरं सांगते, त्याचा मला भयंकर आनंद झाला.

झालं असं. वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधून देणारे एक चाचा पांझरा नदीच्या पुलाजवळ बसत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी त्यांच्याकडे उरलेले पुठ्ठे मागायला गेले होते. जुन्या कादंबऱ्यांची शेवटची कोरी पानं ते फाडून बाजूला टाकत आणि त्यांनाच खळीचा ब्रश पुसत. मी सहज एक पान उचललं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हिने इतकं का सोसलं? मी असते तर त्याच दिवशी निघाले असते.’ त्याखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताचं, ‘निघून जाणार कुठे, तेही लिहा.’ दुसऱ्या पानावर, ‘लेखकाने जन्मात कधी चूल पेटवलेली दिसत नाही.’ तिसऱ्यावर तर सरळ आमच्या खानदेशीत, ‘हाई बठ्ठं खोटं शे’, म्हणजे हे सगळं खोटं आहे. मी तिथेच फतकल मारून बसले. चाचा म्हणाले, रद्दीच आहे, घेऊन जा.

तेव्हा आमच्याकडच्या बाया वाचनालयात जात नसत. अडवत कुणी नव्हतं, पण वाचनकक्षात पुरुष पेपर उघडून, पाय पसरून बसलेले. तिथे जाणार कोण? सभासद नवरा. कचेरीतून येताना तो पुस्तक आणायचा, आठवड्याने परत करायचा. वाचायची ती. आणि वाचून जे बोलायला घरात कुणी नसायचं, ते शेवटच्या पानावर लिहून ठेवायची. खाली नाव नाही, नुसता सभासद क्रमांक. पुढची बाई वाचून उत्तर द्यायची. एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या बाया गावभर अशा भांडत होत्या, आणि पुस्तकबांधणीत ते सगळं खळीत जात होतं.

वर्षभर मी ती पानं गोळा केली. पुठ्ठ्यांवर चिकटवली, प्रत्येकीचं एक वाक्य वर ब्रशने हातभर मोठं करून लिहिलं. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला प्रदर्शन लावायचं ठरवलं. ग्रंथपाल नाना भला माणूस. वाचनकक्षातच लावा म्हणाले.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. निवृत्त वकील, सगळं गाव त्यांना आबा म्हणे. भिंतीवरून एक नजर फिरवून म्हणाले की पुस्तकं खराब करणाऱ्यांचा हा सत्कार कशाला, आणि ही असली भाषा इथे शोभत नाही, संध्याकाळपर्यंत उतरवा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सांगितलं, उतरवायचं तर तुम्ही उतरवा, मी हात लावणार नाही.

तेव्हा त्यांनी शांतपणे, दारासमोरच लावलेल्या, ‘मी असते तर’वाल्या पानावर, त्या वाक्याखालच्या क्रमांकावर बोट ठेवलं आणि नानांकडे सभासदांची नोंदवही मागितली. क्रमांक निघाला कचेरीतल्या एका कारकुनाचा. तिथे बसलेल्या दोघा-तिघांनी त्याच्या बायकोचं नाव घेऊन एकमेकांकडे पाहिलं. झालं, दिवेलागणीच्या आत ती बातमी त्याच्या घरी पोचली.

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. क्रमांक दिसायला छान दिसत होते म्हणून मी ते ठेवले होते. एवढी शिकलीसवरलेली मी, दुसरीच्या संसाराला काडी लावून मोकळी झाले. आबांचा राग एकीकडे आणि स्वतःची लाज एकीकडे. ठरवलं, सकाळी जाऊन निदान तिचं पान तरी काढायचं.

सकाळी गेले तर भिंतीवरचं सगळं तसंच होतं आणि आबा माझ्या आधी हजर. मी टाचण्या काढायला लागले, तेवढ्यात दारात एक बाई आली. चपला काढून, डोक्यावरचा पदर सारखा करून आत आली. पेपर खाली झाले. मी न विचारताच ती म्हणाली की घरी काल कुणी जेवलं नाही, हे बोलत नाहीत. मी हात जोडले. चुकलं माझं म्हटलं, हे बघा, पान काढतेच आहे.

तिने माझा हात धरला. “राहू द्या बाई. नंबर त्यासना शे. लिखेल मनं शे.”

नंबर नवऱ्याचा, पण लिहिलेलं तिचं. मग तिने नानांच्या टेबलावरचं पेन उचललं. नवऱ्याचा क्रमांक आडवी रेघ मारून खोडला आणि त्याच्याखाली स्वतःचं नाव लिहिलं. नवऱ्याचं नाही, आडनाव नाही, फक्त तिचं. पेन हातात तसंच ठेवून ती अध्यक्षांकडे वळली.

“आबा, आते हाई नाव तुमनी वहीमा लिखी ल्या.”

नानांनी नोंदवही उघडली, कोरी ओळ शोधली आणि ती वही तिच्यापुढे सरकवली.