पाचोळेकाकांचा थरथरता हात

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात येऊन सिस्टरना आठ महिने झाले होते, पण जीव काही रमत नव्हता. वीस वर्षं इस्पितळाच्या अपघात विभागात काढलेली बाई. कंबरेनं दगा दिला म्हणून घरच्यांनी मागे लागून ही शांत नोकरी धरायला लावली. काम काय, तर प्रयोगशाळांतल्या माणसांची वर्षातून एकदा तपासणी, हॉस्टेलच्या मुलांना लसी आणि उरलेला वेळ घड्याळाकडे बघणं. सिस्टर दिवसातून चारदा औषधांचं कपाट लावायच्या. "तुझ्या पायाला भिंगरी आहे," नवरा म्हणायचा, "झोपेतसुद्धा चालतेस."

त्या मंगळवारी तपासणीला पाचोळेकाका आले. वनस्पतिशास्त्र विभागात वाळवलेल्या पानाफुलांचा जुना संग्रह होता, त्याचे ते राखणदार. मुलांनी ठेवलेलं हे नाव इतकं चिकटलं होतं की खरं आडनाव फाइलीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. वय बावन्न. रक्तदाब ठीक होता, वजन मात्र चार किलोंनी उतरलेलं. सही करताना त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं.

"हाताला काय झालं?"

"काही नाही. सकाळी चहा जास्त झाला."

"झोप लागते?"

"झोपेचं काय घेऊन बसलात? ते आहे का तुमच्या यादीत?" काका एकदम उखडले. मग मान खाली घालून म्हणाले, "माफ करा. हल्ली असंच होतं. बायकोनंही बोलणं टाकलंय."

ते गेल्यावर सिस्टरनी त्यांची फाइल उघडली. दर वर्षीचा फॉर्म काकांनी स्वतःच भरलेला. सहा वर्षांपूर्वीचं अक्षर मोत्यासारखं, पुढच्या वर्षी जरा वाकडं, त्याच्या पुढे आणखी. यंदाचं तर कोंबडीनं शाईत पाय बुडवून फिरावं तसं. सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली.

आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी सगळे फॉर्म ओळीनं मांडून दाखवले. "वय होतंय, सिस्टर," ते म्हणाले. "मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवून देऊ."

चिठ्ठी लिहिली गेली, पण सिस्टरना चैन पडेना. संध्याकाळी स्वयंपाकात दोनदा मीठ पडलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या तडक संग्रहाच्या खोलीत पोहोचल्या.

खिडक्या घट्ट बंद, भिंतीला लोखंडी कपाटं, जुन्या कागदाचा कोंदट वास. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला एक विद्यार्थिनी कागदावर चिठ्ठ्या चिकटवत होती. दुसऱ्या टोकाला, त्याच टेबलावर, काका डबा खात होते. सिस्टर आपण होऊन बघायला आल्या याचाच त्यांना आनंद झाला. डबा बाजूला सारून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला आणि त्यावरची करडी पूड तळहातानं झटकली.

"नव्वद वर्षांची फांदी आहे ही. एक पान कमी नाही."

"कसर लागत नाही?"

"पूर्वीचे लोक हुशार. पाऱ्याचं औषध फासून ठेवायचे. किड्याची बिशाद नाही तोंड लावायची."

सिस्टरनी बंद खिडक्यांकडे आणि बाजूला सारलेल्या डब्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी हात कसा असतो?"

"सुट्टी कुठली? रविवारीही मी इथंच." काका थांबले. "पुतणीच्या लग्नाला तीन आठवडे गावी होतो, तेव्हा बरा होता. परत आलो आणि पुन्हा सुरू." त्यांनी आवाज खाली आणला. "वडिलांचा हात असाच हलायचा, सिस्टर. शेवटी चमचासुद्धा भरवावा लागायचा. म्हटलं, आता आपली पाळी. म्हणून बोललो नाही कुणाला."

सिस्टरनी काकांच्या आणि त्या विद्यार्थिनीच्या लघवीचे नमुने तपासणीला पाठवले. अहवालाला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत त्यांनी केंद्राच्या व्हरांड्याची फरशी झिजवली. अहवाल आला. काकांच्या अंगात पारा मर्यादेच्या पाचपट. मुलीच्याही अंगात होता, पण थोडा.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "चुकलंच माझं," ते म्हणाले आणि खोली बंद करण्याच्या पत्रावर सही केली.

विभागप्रमुख मात्र अडून बसले. "पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय. आणि खोलीला कुलूप?"

"समितीला खोली दाखवायची असेल तर दाखवा," सिस्टर म्हणाल्या. "पण मग हा अहवालही दाखवावा लागेल."

दुसऱ्या दिवशी कुलूप पडलं. हवेतला पारा मोजणारे आले आणि त्यांच्या आकड्यांनी शंका उरू दिली नाही.

सगळ्यात अवघड गेले ते काकाच. त्यांना वाचनालयात बसवलं होतं. "पंचवीस वर्षं जीव लावला आणि मलाच बाहेर काढता?" म्हणून त्यांनी सिस्टरवर आगपाखड केली, आणि तरी रोज अकरा वाजता केंद्राच्या दारात हजर. "कधी उघडणार?" सिस्टर त्यांच्यापुढे लसींची कार्डं टाकायच्या. दोघं अस्वस्थ माणसं समोरासमोर बसून कार्डं लावत राहायची.

राग आधी उतरला. मग झोप आली. चौथ्या महिन्यात त्यांची बायको स्वतः केंद्रात येऊन म्हणाली, "काल हे बशीत न सांडता चहा प्यायले. आणि हसले." हात पूर्ण बरा नाही झाला. बटण लावायचं तर सुईत दोरा अजून बायकोच ओवून देते. पण वडिलांचा आजार नव्हता तो, एवढं कळल्यावर काकांची मान वर झाली.

खोली सात महिन्यांनी उघडली. हवा ओढणारे पंखे आले, हातमोजे आले, डबे बाहेर गेले. काकांना आता अर्धाच दिवस आत जायची परवानगी आहे, आणि त्यावर ते अजून भांडतात. मुलीचा नवा अहवाल स्वच्छ आला.

सिस्टरनी डॉक्टरांकडून आठवड्याचे दोन दिवस मागून घेतले, माणसं काम करतात तिथे जाऊन बघायला. पहिल्याच सोमवारी त्या काचकामाच्या कार्यशाळेत शिरल्या. भट्टीजवळच्या कारागिरानं त्यांच्याकडे संशयानं पाहिलं.

"कुणी तक्रार केलीय का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही चालू ठेवा. मी बघते."