भाताच्या खोलीतला स्टुडिओ

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत, सुगीत अंगणात पेंढा साचतो तसे साचतात. आमचे तर एकाच सुगीत ढीगभर साचले! आम्ही म्हणजे मी, माझा दोस्त रमेश आणि त्याची आई यमुनाबाय. गाव सिद्धगडाच्या पायथ्याशी, काळ नव्वदीतला. रमेश शहापूरला नोकरी करता करता गिटार शिकला, आणि माझ्याकडे कॅसेटचा छोटा रेकॉर्डर होता. यमुनाबायने आसपासच्या सगळ्या गावांत लग्नाच्या हळदीची गाणी गायलेली, पण आता गळा बसत चालला होता. पोराच्या हळदीपर्यंत तो टिकेल का, याचा तिला घोर लागला होता. म्हणून आम्ही ठरवलं, गाणी आत्ताच भरून ठेवू.

*

ओटीवर आवाज घुमायचा. भाताची खोली मात्र पोत्यांनी गच्च भरलेली, तिथे तो असा स्वच्छ यायचा की बस! आटगावच्या एका लाउडस्पीकरवाल्याने कॅसेट ऐकून स्टुडिओ कुठला म्हणून विचारलं. रमेश ऐटीत म्हणाला, "घरचाच हाय. भात संपला का बंद पडतो."

*

रेकॉर्डर खाली ठेवला की नुसती गिटारच ऐकू यायची. मग तो दह्याच्या शिंक्यात घालून यमुनाबायच्या तोंडासमोर टांगला. गाणं रंगात आलं आणि बोक्याने सवयीने झेप घेतली. शिंकं तुटलं नाही, बोक्याचं फावलं नाही, पण त्याचं गुरगुरणं कॅसेटमध्ये कायमचं बसलं.

*

एकदा यमुनाबाय गायलाच तयार होईना. "नवरी नाय, हळद नाय, गानं येल कुठून?" रमेशने गिटार पाटावर ठेवली. यमुनाबायने तिला रीतसर हळद लावली आणि गाणी झरझर सुटली. नवरीला पाटावरून उठवायचं नाही, म्हणून रमेशने ती तशीच आडवी वाजवली. तो पिवळा डाग अजून आहे, आणि रमेश तो आल्यागेल्याला दाखवतो.

*

शेवटच्या गाण्याला तिचा आवाज असा लागला की माझ्या अंगावर काटा आला. आणि ऐन मध्यावर ती म्हणाली, "रम्या, म्हशीला पानी दाखवलंस का रे?" लगेच त्याच सुरात पुढची ओळ उचलली. मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा भरायला निघालो, तर रमेशने हात धरला. बरं झालं. दुसऱ्या दिवशी तो सूर लागला नाही, आणि पुढे गळा पुरताच बसला.

*

रमेशची हळद. मांडव भरलेला, यमुनाबाय लेकाशेजारी गप्प बसलेली. मी कॅसेट लावली. तिचा आवाज लाउडस्पीकरवरून पार भातखाचरांपलीकडे गेला, बाया मागून गाऊ लागल्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं! कॅसेटमध्ये मधेच काय आहे, ते त्या गडबडीत मी साफ विसरलो होतो.

"रम्या, म्हशीला पानी दाखवलंस का रे?"

हळदीने माखलेला नवरा पाटावरून ताडकन उठला. "दाखवतो, आये!"

यमुनाबायने त्याचा पिवळा हात धरला, त्याला खाली बसवलं, आणि पुढची ओळ नुसत्या ओठांनी म्हणू लागली.