त्या दोघी एवढ्या हसतात कशाला?

रेवती मॅडमनी माझं प्रकरण मोठ्याने वाचलं. हेल काढून वाचलं. माझ्या गोष्टीतली बेबी मुलुंडची. ती शहरातल्या कुठल्याही पोरीसारखी बोलते. मॅडमनी तिच्या तोंडात सिनेमातल्या मोलकरणीची भाषा घातली. मी लिहिलेलं एक वाक्य दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा नाकात. टेबलाभोवतीची दोन माणसं हसली.

मीही हसले. ते अजून खुपतं.

प्रकाशन कंपनीचं अंधेरीतलं ऑफिस, मॅडम तिथल्या संपादक. काचेची खोली. एसी एवढा की मी ओढणी खांद्यावर घट्ट धरून बसले होते. मॅडमनी पानं खाली ठेवली आणि विचारलं, "मला सांग, त्या दोघी एवढ्या हसतात कशाला गं?"

मला वाटलं, लिखाणाबद्दल विचारतायत. मी सांगायला लागले. शलाका गाडी शिकवते. बेबी तिच्याकडे शिकायला येते आणि टेस्टमध्ये मुद्दाम नापास होते. पास झाली तर क्लास संपेल ना. शलाकाला वाटतं, आपल्यालाच शिकवता येत नाही. म्हणून...

"ते कळलं गं," मॅडम म्हणाल्या. "पण वस्तीतल्या पोरी आहेत. घरचे मारत नाहीत? जात-बीत काहीच नाही? वाचकाला पटणार कसं?" मग म्हणाल्या, "तुझं आडनाव काय? ॲपवर नुसतंच नाव आहे."

मी सांगितलं.

"अच्छा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो 'अच्छा' मला ठाऊक आहे. शाळेत ऐकलाय, नोकरीच्या मुलाखतीत ऐकलाय. मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "मग तर तुझ्याकडे केवढं आहे! तुमच्यात आत्मकथनाची एवढी मोठी परंपरा. ते सोडून हे कॉमेडी काय लिहीत बसलीयस?"

मी ऐकून घेतलं. पुस्तक छापून येणार होतं ना.

मी घाटकोपरला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. उपाशीपोटी आलेले, चिडलेले पेशंट. ती गर्दी ओसरली की फोनवर, गोष्टींच्या एका ॲपवर लिहायचे. दोन पोरींच्या प्रेमाची मालिका. भांडणं, गैरसमज, फजिती, शेवटी गोड. तीन भाग झाले होते. कांदिवलीची एक बाई कमेंटमध्ये लिहायची, मी बाथरूममध्ये जाऊन वाचते आणि तोंडावर हात ठेवून हसते. कुठल्या कुठल्या गावातून मुली विचारायच्या, पुढचा कधी? आमच्यासारख्यांचं शेवटी नीट होतं, हे त्यांना एकदा तरी वाचायचं होतं. मलाही.

पहिली वाचक अश्विनी. नाहूरची, घरचे मालवणचे. खरीखुरी गाडी शिकवायची. माझं लिहिलेलं वाचून म्हणायची, "ए, गिअर असा नाय पडत हां. लोक हसतील तुला." मी सुधारायचे. चार वर्षं आम्ही एकत्र होतो. तिच्या घरी मी मैत्रीण. माझ्या घरी ती मैत्रीण. आई तिला मटण वाढायची आणि म्हणायची, "खा गं, किती वाळलीस." आईला काय कळलं होतं, काय नाही, मी कधी विचारलं नाही. सांगायचं होतं. माझ्या वेळेनं, माझ्या तोंडानं.

ती वेळ माझ्या हातात राहिली नाही.

पुस्तकाच्या आधी कंपनीने एक रील टाकली. माझा फोटो. ऑफिसात "सहज एक काढू" म्हणून काढलेला. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. घाटकोपरच्या वस्तीतून आलेली. आई हॉस्पिटलात आया. आणि मोठ्या अक्षरात : लेखिकेच्या स्वतःच्या प्रेमाची सत्यकथा.

मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. बहुतेक म्हणूनच विचारलं नसावं.

सगळ्यात आधी आमच्या गल्लीतल्या पोरांनी पाहिली. मग अश्विनीच्या भावाने. रीलमध्ये गाडी शिकवणारी नायिका होती; माझ्या मैत्रिणींत गाडी शिकवणाऱ्या पोरी आहेत किती? दुपारी तिच्या फोनवरून फोन आला. तिची आई होती. ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती लेकीसाठी विनवत म्हणाली, "माझ्या चेडवाक सोड गे बाय. आमका गावात तोंड दाखवक हवा." फोन बंद. थोड्या वेळाने तिच्या ड्रायव्हिंग क्लासमधून कळलं, घरच्यांनी तिला कुलपात ठेवलंय.

मी काउंटर सोडला आणि थेट अंधेरीला गेले. मॅडमसमोर उभी राहिले. म्हटलं, रील काढा, आत्ता काढा, तिला घरात कोंडलंय.

"बस, पाणी पी," मॅडम म्हणाल्या. "तुझं दुःख मी समजू शकते. मीही क्वीअर आहे. पण रिस्पॉन्स बघ ना किती आलाय. रविवारी प्रकाशन होऊ दे. तुझ्या तोंडून लोकांना ऐकायचंय. मग काढू."

म्हणून मी रविवारी गेले. मिरवायला नाही. ती रील खाली यावी म्हणून.

अंधेरीतलाच एक हॉल. सप्तरंगी पताका, कॉफी, सुंदर माणसं. मॅडमची पार्टनर पहिल्या रांगेत. मॅडम स्टेजवर जाताना तिने त्यांची कॉलर नीट केली, कानात काहीतरी सांगितलं, आणि दोघी खळखळून हसल्या. त्यांना कुणी नाही विचारलं, हसता कशाला.

मग मॅडमनी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. मी ऐकत होते. दोन ओळींनंतर कळलं, हे माझं नाही. बेबीचे भाऊ तिला मारतात. शलाका रुळांवर जाऊन उभी राहते. बेबी तिचं प्रेत ओळखायला जाते.

हॉलमध्ये लोक रडत होते. माझ्या शेजारची मुलगी माझा हात दाबून म्हणाली, "सो ब्रेव्ह." मी सही केलेल्या करारात बदल करण्याचा हक्क कंपनीला होता. मी वाचला होता तो. मला वाटलं होतं, ऱ्हस्व-दीर्घ बदलतील.

आणि अश्विनी त्या वेळी नाहूरला कुलपात होती. जिवंत होती की नाही, तेही मला माहीत नव्हतं. इथे तिला मारून झालं होतं. टाळ्या पडत होत्या.

माईक माझ्या हातात आला. मॅडम म्हणाल्या, "बोल. तुझी कहाणी सांग. मन मोकळं कर."

मी म्हटलं, "हे शेवटचं प्रकरण मी लिहिलेलं नाही. माझ्या दोघी मरत नाहीत. बेबी चौथ्या टेस्टला पास होते आणि दोघी गाडीतून अलिबागला जातात, एवढंच होतं त्यात. यांनी न विचारता माझी पोरगी मारली. न विचारता माझं आडनाव लावलं. या पुस्तकावरून माझं नाव काढा. आणि माझं दुःख बघायला आला असाल तर घरी जा. ते विकायचं नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. मॅडम हसून म्हणाल्या, "शी इज ओव्हरव्हेल्म्ड." माणसांनी माना हलवल्या. मी माईक खाली ठेवला आणि बाहेर पडले.

नाव काढलं नाही. रील काढली नाही. पुस्तक चाललंय. अश्विनीला गावी मामाकडे नेलं, तिथून लग्न लावलं. एकदाच अनोळखी नंबरवरून फोन आला. "बरीय मी," ती म्हणाली. "तू माझ्याबद्दल काय लिहू नको आता." आणि मागून कुणीतरी हाक मारली. तिची परत काही खबर नाही. येईल असं वाटतही नाही.

एक दिवस आई भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला सांगायचं होतंस. त्या बाईच्या रीलमधून कशाला कळलं मला?" रील आल्यापासून आई विहारात मागे, दाराजवळ बसते.

परवा मॅडमचा मेसेज आला. झालं गेलं विसरू या. पुढचं पुस्तक तुझं आत्मचरित्र करू, अश्विनीसकट, तुला हवं तसं लिही.

मी एका शब्दात कळवलं, नाही.

हे एवढं लिहिलं ते साक्ष म्हणून. ज्यांनी केलं त्यांना वाटू नये की कुणी पाहिलं नाही. यापुढे माझं रडणं कुणाच्याही टेबलावर जाणार नाही. मी चौथा भाग घेतलाय लिहायला. नावं नवी, गाव नवं. त्या नावांवर कुणाचा करार नाही. खाली माझं आडनाव मीच लावणार, पूर्ण. कुणी छापणार नसेल तर लॅबच्या प्रिंटरवर काढीन आणि हातात देईन. शेवटाला हात लावू देणार नाही. कुणालाच नाही.