लाइन मोकळी ठेवा

‘घरबसल्या पदवी’ हे शब्द आजही कुठे वाचले की माझं डोकं फिरतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. रत्नागिरीच्या एका हॉलमध्ये पुण्याच्या कंपनीचा टायवाला तरुण घाम पुसत आम्हा बायकांना समजावत होता, की कॉलेज आता तुमच्या घरी येणार. इंटरनेटवर शिका, इंटरनेटवरच परीक्षा द्या. लग्नामुळे माझं बी.कॉम. शेवटच्या वर्षाला सुटलं होतं आणि ते मला सारखं सलत होतं. सासऱ्यांनी एकच विचारलं, "घराबाहेर पडायचं नाही ना गो? मग होऊं दे." तेव्हा ते मला मोठ्या मनाचे वाटले होते.

घरात फोनची लाइन एकच. तिचा एक रिसीव्हर ओटीवर, माझ्या कॉम्प्युटरशेजारी, एक माजघरात. त्याच लाइनवर इंटरनेट चालायचं आणि कुणी रिसीव्हर उचलला की तुटायचं. आमची आंब्याची बाग. हंगामात वाशीचा दलाल सकाळी फोनवर भाव सांगायचा, म्हणून त्या दिवसांत फोन कुणी अडवायचा नाही, हा घरचा कायदा. माझ्या आईचा फोन आला तरी दोन वाक्यांत उरकायचा. आणि कंपनीने परीक्षा ठेवली मे महिन्यात, सकाळी! पुण्यात बसून त्यांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त घराचा सोडून.

मी आठवडाभर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. अर्धा पेपर झाला आणि माजघरात सासऱ्यांनी रिसीव्हर उचलला. कनेक्शन गेलं. धावत आत गेले, तर सासरे शांतपणे दलालाला भाव विचारतायत. त्यांनी फोन ठेवल्यावर परत जोडलं, तर स्क्रीनवर एकच ओळ: आपली परीक्षा संपली आहे. सासरे म्हणाले, "एवढं काय त्यात? परत दे."

कंपनीला फोन लावला. "मॅडम, आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे," तोच टायवाला म्हणाला. मी म्हटलं, मग गावात एक खोली घ्या, वेगळी लाइन घ्या, बायका तिथे येऊन शिकतील. तो चक्क हसला. "खोली लागत नाही, हीच तर आमची आयडिया आहे." माझ्या अंगाची नुसती आग झाली.

मग ती खोली मीच काढली. शेजारच्या भाभीनेही त्याच पदवीला नाव घातलं होतं. तिचा नवरा कुवेतला, त्याचा फोन कधी येईल म्हणून तिच्याही घरची लाइन मोकळी ठेवायची. तिच्या माहेरचा एक गाळा बंदराच्या रस्त्याला रिकामा पडला होता. "आपली लायन आपण घेऊं," ती म्हणाली, "बसूं देत सगळे बोंबलत." माझा कॉम्प्युटर तिथे नेला. लाइनबरोबर आलेला फोन आम्ही पहिल्याच दिवशी काढून खोक्यात घातला. हळूहळू पार लांज्याहून एसटीने बायका यायला लागल्या.

सासरे भडकले. "घरात होत होतं म्हणून हो म्हटलं. बाजारात बसून कसली डिग्री?"

"घरात झालं कुठे?" मी म्हटलं. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढची परीक्षा पुन्हा ऐन हंगामातच आली. कंपनी काही शिकली नव्हती. पेपर सुरू असताना गाळ्याच्या दारात सासरे उभे. घरचा फोन बंद पडला होता. कित्येक महिन्यांनी ते माझ्याशी बोलले, "दलालाला एक फोन लावायचाय."

"इथे फोन नाही, मामंजी," मी मान न वळवता म्हटलं. "नुसती लाइन आहे. ती माझ्या पेपरला लागलीय."

ते तिथेच उभे राहिले. मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला.